आईला अल्झायमर्स, भावाला स्किझोफ्रेनिया. त्याच्या गोळ्या आता कोणी द्यायच्या?

शाहूपुरीची_लेक

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणारे, सांभाळून घ्या. मी पुण्यात नोकरीला, आई (७३) आणि धाकटा भाऊ (४१) साताऱ्यात. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, १७ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याची गोळी कधी चुकली नाही ती फक्त आईमुळे. सकाळी चहाबरोबर एक, रात्री जेवल्यावर दोन, हातावर ठेवणार आणि गिळेपर्यंत समोर उभी राहणार. आता दीड वर्षापासून आईचंच सुरू झालंय. आधी आम्ही म्हटलं वय झालं, मग दोनदा दुधाचं पातेलं जळलं, मग राजवाड्यावरून घरी येताना रस्ता चुकली, सगळा संसार त्या गावात झालाय तिचा. तपासण्या होऊन अल्झायमर्स सांगितलाय. संध्याकाळ झाली की पिशवी भरते आणि म्हणते मला घरी जायचंय, घर म्हणजे वाईचं माहेर, तिथं आता आपलं कोणी नाही. आणि मागच्या रविवारी मी भावाच्या गोळ्या मोजल्या तर हिशोबच लागेना, कमी भरल्या. त्याला दोनदा दिल्या की तिनंच स्वतः खाल्ल्या, देव जाणे.

फॅमिली ग्रुपवर खोबरेल तेलापासून ब्राह्मीपर्यंत सगळं येऊन गेलंय. मामा म्हणतो दोघांनाही कुठंतरी ठेव. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात. मला एवढंच विचारायचंय की घरी काय केल्यानं खरंच फरक पडतो यावर कुणी नीट अभ्यास केलाय का, का सगळे आपापल्या अंदाजानं ढकलतायत?

काउंटरमागचा

ताई, मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. पण आधी तो डबा आजच्या आज कुलपात घाला, बाकी चर्चा नंतर. भावाच्या त्या गोळ्या आईनं चुकून घेणं ही साधी गोष्ट नाही. ॲन्टिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियावर देतात तसल्या औषधांनी डिमेन्शिया (विसरण्याचा आजार, अल्झायमर्स त्यातलाच) असलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं म्हणून एफडीए या अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं २००५ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टर कधीकधी देतात, फारच आक्रमक झालं माणूस तर, पण थोड्या दिवसांसाठी आणि लक्ष ठेवून. घरातल्या डब्यातून नाही. आईला झोप जास्त, अंग ताठ, तोल जाणं असं काही दिसतंय का बघा आणि दिसलं तर फोनवर नका बसू, दाखवा.

दुसरं म्हणजे बी १२ आणि थायरॉइड झालंय का विचारा, त्यानंही विसरणं वाढतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं. आणि कधी दोन दिवसांत अचानक फारच गोंधळली तर आजार वाढला म्हणून बसू नका, म्हाताऱ्यांमध्ये लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असं करतं. भावासाठी डेपो इंजेक्शन, म्हणजे ज्याचं औषध अंगात हळूहळू सुटत राहतं असं, चालेल का ते त्याच्या डॉक्टरांना विचारा, दोन किंवा चार आठवड्यांनी एकदा, रोजची गोळी काही जणांची सुटते.

म्हापशाची_माई

लेकी, माझ्या सासूबाईंना आठ वर्षं सांभाळलं, गेल्या आता. अभ्यास झालाय का विचारतेस तर आमच्या गोव्यातच झालाय, २००८ मध्ये छापून आला. ८१ कुटुंबं होती. काही घरांत पंधरवड्यातून निदान एकदा एक शिकवून तयार केलेली बाई किंवा बुवा जायचा, तो काही डॉक्टर नव्हे, तुझ्यामाझ्यासारखाच, आणि घरच्यांशी बोलायचा, आजार काय ते समजावायचा, रात्री झोपत नाहीत तर काय करायचं, हट्ट धरला तर काय करायचं. सहा महिने. आता यात गंमत बघ, म्हाताऱ्या माणसाच्या आजारात म्हणावा तसा फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली, ओझं कमी वाटायला लागलं. मी ते ऐकलं तेव्हा चिडले होते, म्हटलं मग उपयोग काय. नंतर कळलं. मी शांत असले की सासूबाई शांत असायच्या, मी ओरडले की त्या दिवशी अंघोळसुद्धा नाही.

लंडनमध्येही असंच केलं, २६० सांभाळणाऱ्यांवर, आठ बैठका फक्त, त्याही नुकत्याच पदवी झालेल्या पोरांनी घेतल्या, आणि त्याचा फायदा सहा वर्षांनंतरही दिसत होता म्हणे.

ते घरी जायचंय म्हणते ना, तेव्हा हेच तुझं घर असं सांगू नकोस. मी वर्षभर तेच सांगत बसले. चल म्हणायचं, चपला घालायच्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, वाटेत वाईच्या घाटाचं, तिच्या आईचं विचारायचं. परत आली की विसरलेली असते. आणि संध्याकाळ व्हायच्या आधीच दिवे लाव, तिन्हीसांजेला त्यांचा गोंधळ वाढतो.

आवाज_आता_हळू

मी तुमच्या भावाच्या बाजूचा. २२ वर्षांपूर्वी निदान, दोनदा ॲडमिट, आता प्रेसमध्ये अर्धवेळ प्रूफं तपासतो. आवाज अजून येतात, मी त्यांना शेजारच्या रेडिओसारखं वागवतो.

बरं होणं म्हणजे काय यावर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा अभ्यास बघा. सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या वॉर्डातले, यांचं काही होणार नाही असे २६९ पेशंट, सरासरी ३२ वर्षांनी शोधून काढले, १९८७ मध्ये छापलं. अर्ध्याहून जास्त लोक चांगलेच सुधारले होते किंवा पूर्ण बरे. त्यांना नुसतं औषध नाही, राहायला जागा, काम, माणसं असं सगळं लावून दिलं होतं. आणि घरात सतत टोचून बोलणं, राग राग करणं किंवा अती जपणं असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते हेही लंडनपासून चंदिगडपर्यंत तपासलंय. अती जपणं यातलंच एक आहे हे लोक विसरतात.

तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये आई काय करते, तुम्ही काय करता, मामा काय म्हणतो हे सगळं आहे. भाऊ काय म्हणतो ते कुठंच नाही. ४१ वर्षांच्या माणसाला १७ वर्षं हातावर गोळी. त्याला विचारलंत का?

हिशेबी_काका

अभ्यासांची नावं घेताय तर पूर्ण घ्या. साताऱ्यातच झालेला राहिला की. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम, २८२ पेशंट, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातल्याच माणसांना शिकवून स्किझोफ्रेनियाच्या घरी पाठवलं वर्षभर. एकूणात लक्षणं आणि रोजचं जगणं यात थोडी सुधारणा, औषधं नियमित घेण्यातही. पण ठिकाणवार बघितलं तर नीट फरक तमिळनाडूच्या खेड्यांतच दिसला, गोव्यात आणि साताऱ्यात तेवढा नाही, आणि लोक नावं ठेवतात त्यात तर काहीच फरक नाही. माझा अंदाज असा की जिथं आधी काहीच मिळत नव्हतं तिथं थोडंसंही जास्त दिसतं. माणूस घरी पाठवला की सगळं ठीक होतं असं समजू नका एवढंच म्हणणं.

आता व्यवहाराचं. आईला कळतंय तोवर बँकेचं खातं जॉइंट करा, मृत्युपत्र करायचं तर आत्ताच करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भावाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयात त्याला साथ देणारा माणूस, नेमता येतो, साध्या कागदावर लिहून सही करून. इतकी वर्षं आईच सगळं बघत होती, आता त्यालाच ठरवू द्या कोण ते. आणि रात्री अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शाहूपुरीची_लेक

सगळ्यांचे आभार, शनिवारी जाऊन आले म्हणून उशीर. डबा कुलपात आहे. आईचं बी १२ खरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केलीत, त्यानं अल्झायमर्स जाणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. माई, चपला घालून कोपऱ्यापर्यंतची ट्रिक दोन्ही दिवस चालली, दुसऱ्या दिवशी तर तिनं मला गणपतीच्या घाटावर पोहायला कशी शिकली ते सांगितलं, मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आणि आवाज_आता_हळू, तुमचं वाचून आधी राग आला होता, खरं सांगते. पण भावाला विचारलं. त्याला तिन्ही गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, कुठली कशासाठी सगळं पाठ. म्हणाला आई महिनाभर मधूनमधून दोनदा देतेय, नाही म्हटलं तर रडते, म्हणून दुसऱ्या वेळची घेतल्यासारखं करून खिशात टाकतो. मग त्यानं आतून बिस्किटाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला, चिठ्ठीवर तारखा घातलेल्या. मी मोजल्या. हिशोब लागला, आईनं एकही खाल्लेली नाही.

आता कुलपाची किल्ली त्याच्याकडे आहे. आई मात्र रात्री जेवण झालं की अजून त्याच्यासमोर हात पुढे करून उभी राहते, तर तो आधी आपली गोळी तिच्या हातावर ठेवतो, मग तिथून उचलून घेतो. हे असं चालू ठेवलं तर चालेल ना, काउंटरमागचे दादा? तिच्या हाताला औषध लागतं म्हणून विचारतेय.

काउंटरमागचा

चालेल ताई. फक्त घेईपर्यंत भाऊ समोर असू दे आणि नंतर तिचे हात धुवा.