आपल्या माणसाचं क्रौर्य पोटात घालणारी पात्रं : तुमचे अनुभव लिहा

कथा-नाटकांतलं एक पात्र मला कायम छळतं. मारणारा नव्हे, त्याच्या शेजारी उभं राहून सगळं पोटात घालणारं. आई, बायको, बाप, सासरा. 'प्रेम आंधळं असतं' या उत्तराने माझं समाधान होत नाही. मला वाटतं, या माणसांना सगळं दिसतं आणि दिसलेलं निस्तरायला ती रोज काहीतरी करत असतात. काय करतात? वाचताना, पाहताना, भूमिका करताना असं कुणी भेटलं असेल तर लिहा. स्वतःच्या आयुष्याशी जुळत असेल तर तेही, झेपेल तेवढंच.

*

हौशी संचात मी 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी केली आहे. तेंडुलकरांचं हे नाटक १९७२चं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका सखाराम घरी आणतो, राबवतो, मारतो. लक्ष्मी म्हणजे मुंगळ्याशी लाडाने बोलणारी बाई. आणि सखाराम तिच्यानंतर आणलेल्या चंपाचा गळा दाबून जीव घेतो तेव्हा प्रेत घरातच पुरायचं हे तीच सुचवते, खणायलाही तीच लागते. लक्ष्मीला परत घरात घ्यावं म्हणून चंपानेच शब्द टाकलेला, हे विसरता येत नाही.

तालमीत दिग्दर्शक म्हणाले, "घाबरू नकोस. घर आवरतेयस, असं कर." तसं केलं आणि लक्ष्मी अंगात उतरली. तिच्या लेखी चंपा पापी, परपुरुषाकडे गेलेली. म्हणजे सखारामने खून केलाच नाही, शिक्षा दिली. त्यात लक्ष्मीला जायला दुसरं घर नाही; भाच्याने चोरीचा आळ घेऊन हाकललेली. भक्ती कुठे संपते आणि डोक्यावरच्या छपराची गरज कुठे सुरू होते, हे मला एकाही प्रयोगात वेगळं करता आलं नाही. तेंडुलकरांनी ते वेगळं ठेवलेलंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

*

माझ्यासाठी धृतराष्ट्र. सभापर्वात द्रौपदी पणाला लागते, विदुर डोकं धरून बसतो आणि हा आनंदाने पुन्हापुन्हा विचारतो, 'किं जितं, किं जितम्?' जिंकलं का, काय जिंकलं? पुढे अपशकुन झाल्यावर द्रौपदीला वर देतो, राज्यही परत देतो, आणि मुलांनी आग्रह धरताच दुसऱ्या द्यूताला संमती देतो. मुलाचं वागणं त्याला कळत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

आमच्या घरी भावाच्या मारामारीची तक्रार घेऊन कुणी आलं की वडील आधी विचारायचे, "त्याला कुठे लागलं का?" त्याला म्हणजे भावाला. समोरच्या मुलाचा दात पडलेला असायचा. 'किं जितम्' वाचताना मला वडिलांचाच आवाज ऐकू येतो.

*

गांधारीलाही जमेस धरा. पट्टी तिच्या डोळ्यांवर, पण दुसऱ्या द्यूताआधी 'या मुलाचा त्याग करा' असं नवऱ्याला सांगणारी तीच. सगळा दोष मायेच्या माथी मारू नये.

*

'द सोप्रानोज' मालिकेतली कार्मेला. नवरा टोळीप्रमुख. २००१च्या तिसऱ्या पर्वात एक वयस्कर मानसोपचारतज्ज्ञ तिची फी घ्यायला नकार देतात, कारण तो पैसा रक्ताचा आहे; मुलांना घेऊन बाहेर पड, असं स्पष्ट सांगतात. इतकं सरळ उत्तर मिळालेली दुसरी बायको मला आठवत नाही. ती घरी येते आणि मुलीच्या विद्यापीठाला नवऱ्याकडून ५० हजार डॉलरची देणगी द्यायला लावते. दानाने हात धुवून निघाले की घर सोडायची गरज उरत नाही.

*

तेंडुलकरांचंच 'कन्यादान' (१९८३) हे नाटक माझ्या फार जवळचं आहे. अरुण गरोदर बायकोला, ज्योतीला मारतो. तिचे वडील नाथ देवळालीकर हे जाणून असूनही भर सभेत जावयाच्या आत्मचरित्राची स्तुती करतात. नाथांना अरुणबद्दल माया नाही, चीड आहे. पण मुलीचा संसार आहे आणि जात मोडणाऱ्या लग्नावर जन्मभराची निष्ठा पणाला लागली आहे.

ज्योतीचं दुखणं निराळं. अरुण दलित आहे, त्याने सोसलेला अपमान शंभर टक्के खरा आहे. माझ्या आधीच्या नात्यात मीही मैत्रिणींना सांगायचे, त्याच्यावर लहानपणी काय काय गुदरलंय ते. तेही खरंच होतं. खोटं असतं तर मी लवकर सुटले असते. त्याचं दुःख खरं आणि माझ्या दंडावरचे वळही खरे, हे दोन्ही एकदम धरून ठेवायला मला फार वर्षं लागली.

ज्योती वडिलांना सुनावते आणि अरुणकडेच जाते. माझ्या मैत्रिणी या शेवटावर चिडतात. मला तो पटतो. आता मला दुसरी बाजू वाचायची आहे. असं पात्र अखेर उठून निघतं तेव्हा त्याच्या मनात काय मोडतं किंवा जुळतं, हे नीट लिहिलेली कादंबरी किंवा नाटक कुणाला माहीत असेल तर नाव नक्की सांगा.