मदत हवी आहे : लेकीला भारतीय ठेवू की ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड) घेऊ?

मी पुण्याची, नवरा जर्मन, राहतो म्युनिकला. लेक दहा महिन्यांची. बापामुळे ती जन्मतःच जर्मन आहे. भारतीय म्हणून नोंदवायचं तर वर्षाच्या आत वकिलातीत, आणि तिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. फॉर्म महिनाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली पडलाय!

पाचेक वर्षांनी पुण्यात परतायचंय. ओसीआयवर शाळेला अडचण नाही, पण मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर नीट-जेईईला ती एनआरआयसारखीच धरली जाणार. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा तिच्या हातून गेल्याच. आई हसते, "रांगत नाही अजून, आणि डॉक्टर करायला निघालीस!"

ओसीआयवाली मुलं भारतात शिकवलेल्यांनो, बारावीनंतर काय केलंत? फी कितीला पडली?