नावात ‘निंबस’ असलेले दोन ढग: ओळखायचे कसे?

प्रश्न: निंबोस्ट्रेटस आणि क्युम्युलोनिंबस, दोन्हींत ‘निंबस’ आहे. मूळ लॅटिन अर्थ काय? आभाळ पूर्ण भरलेलं असताना नोंदवहीत नेमकं काय लिहायचं?

उत्तर १: निंबस म्हणजे पावसाचा ढग, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे पसरलेला, सिरस म्हणजे केसांची बट. ही नावं ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली लंडनमधल्या व्याख्यानात मांडली. पेशाने ते औषधनिर्माते, पण ढगांचं निरीक्षण फार बारकाईचं! त्यांचा निंबस स्वतंत्र प्रकार होता. आजच्या वर्गीकरणात तो जोडनावातच येतो.

उत्तर २: वीज, गडगडाट किंवा गारा यांपैकी एक जरी असेल तर क्युम्युलोनिंबसच लिहा, तळ कितीही सपाट करडा दिसो. यातलं काहीच नाही, सूर्य पुरता झाकलेला आणि संततधार चालू, तर निंबोस्ट्रेटस. नुसती भुरभुर असेल तर बहुधा साधा स्ट्रेटस. इथेच जास्त गल्लत होते.

उत्तर ३: लांबून माथा दिसला तर पसरट ‘इन्कस’, म्हणजे ऐरण, शोधा. ती फक्त क्युम्युलोनिंबसला असते. सरी जमिनीवर पोचण्याआधीच हवेत विरत असतील तर जोडीला ‘विर्गा’ लिहा, पोचत असतील तर ‘प्रेसिपिटॅशिओ’.