अनुभव धागा : थंडी, आगटी आणि उघड्यावरच्या रात्री

ज्वारीवाली
काल आमच्या सोसायटीत (पुण्यात) ‘बोनफायर नाइट’ होती. लोखंडी टोपल्यात चार लाकडं, शेजारी स्पीकर आणि काडीला टोचलेले मार्शमॅलो. लेक म्हणाली, आई, हे जळक्या साखरेसारखं लागतंय. मी खाल्लाच नाही, कारण धूर नाकात गेला आणि थेट परभणीकडचं आमचं शेत आठवलं. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर (निखारे), त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं. आजोबा कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि हिरवागार हुरडा आमच्या हातावर. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पाहुणे संध्याकाळी निघून जायचे, आम्ही पोरं मात्र हट्टानं तिथंच राहायचो. बैलगाडीखाली कडबा अंथरायचा, वर दोन गोधड्या. पहाटे वरची गोधडी दवानं ओली झालेली असायची आणि उठायचं कुणी यावरून भांडणं.
तुम्ही काढल्यात का अशा रात्री? शेत, जत्रा, डोंगर, कॉलेजचं शिबिर, काहीपण चालेल. काय खाल्लं ते आधी लिहा.

मोटारवाला
आम्ही हिवाळाभर कॅम्पिंगच करतो ताई. शेतीची लाईट रात्रीची हाय. बारा वाजता मोटार चालू करायची, गव्हाला पाणी धरायचं, पाय बधिर. खायला तंबाखू.

ज्वारीवाली
😂 दादा, कानटोपी तरी घाला.

मोटारवाला
कानटोपी हाय. बूट न्हाईत. चिखलात बूट टिकतेत व्हय.

कन्नडकर
गौताळ्याच्या कडेला मित्राचा मळा आहे, दर डिसेंबरला तिथं जातो. (गौताळा औट्रमघाट 1986 पासून अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आत मुक्काम करायचा नाही, कुणी रील बघून तंबू घेऊन जाऊ नका.) रताळी आणि कांदे आरात पुरायचे, वरून राख ओढायची आणि विसरून जायचं. तासाभरानं कांद्याचं वरचं साल कोळसा झालेलं असतं, आत नुसता मध. मीठ-तिखट घालून भाकरीबरोबर. वांगंही तसंच. फॉइलबिइल काही लागत नाही. बिबट्या त्या भागात आहे, त्यामुळं लघवीला जाताना तिघं बरोबर जातात. आमच्यातला एक जण बँकेत मॅनेजर आहे, सगळ्यात जास्त घाबरतो तोच.

लातूरची_सून
येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) कुणीच कशी लिहिली नाही अजून?? मी मुंबईची, लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. अख्खं लातूर रिकामं, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटं), आत पांडवांची पूजा, आणि मग ती भज्जी! वाल, मटार, तूर, हरभरा, सगळ्या हिरव्या शेंगांचे दाणे आणि बेसन. बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यातलं आंबील. आंबील पिऊन दुपारी जी झोप येते ती कोणत्याच रिसॉर्टला येणार नाही. अंधार पडल्यावर हेंडगा (पेंढीची मशाल) पेटवून शेताभोवती पळतात. सासरे साठीचे, तेही पळाले. रात्री मुक्काम नसतो हो आमच्याकडं, धाग्यात बसतं की नाही माहीत नाही, पण लिहून टाकलं. कुकर लावलाय, येते.

अंबाजोगाईकर
बसतंय बसतंय. भज्जीची रेसिपी टाका आल्यावर.

औशाची_माय
माझं जरा वेगळं आहे. 1993 चं. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि 30 च्या पहाटे चारच्या आसपास भूकंप झाला. आमचं गाव किल्लारीपासून थोडं लांब, घर उभं राहिलं, पण भिंतीला इतक्या भेगा की पलीकडचं दिसायचं. तो अख्खा हिवाळा गाव बाहेर झोपलं. दगडमातीच्या माळवदाखाली पाठ टेकायची कुणाची हिंमत नव्हती. आई घरात जायची ती चुलीवर भाकरी टाकण्यापुरती, आणि तेव्हाही मला दारात उभं करायची. गल्लीत शेकोटी असायची. मोठी माणसं कोण कुठं सापडलं तेच ते परत परत बोलत. आम्ही लेकरं आरात शेंगा भाजून खायचो, गोष्टी सांगायचो, आणि खरं सांगते, आम्हाला मजा वाटायची. सगळी गल्ली एका ओळीत झोपलेली, उशाला कुत्री. कुत्रं भुंकलं की सगळे उठून बसायचे. आता लेकरांना तंबूत न्यायचं म्हणलं की मी नाही म्हणते, कारण सांगत नाही.

ज्वारीवाली
ताई 🙏

नांदेडचा_नाथ
आमचे मामा तेव्हा मदतीला गेलते तिकडं. कधीच बोलले नाहीत त्यावर.

कोयता
ऊस कुणी भाजून खाल्लाय का? कांडं आरात टाकायचं, साल तडकलं की काढायचं, गरम गरम सोलून चावायचं. रस घट्ट लागतो. आम्ही बीडचे, दसरा झाला की आई-बाप तोडीला निघायचे, मी बरोबर. पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) कोपी, कारखान्याजवळच. रात्री तीनला गाडी भरायला उठायचे, मी गोधडीत. पाचट पेटवलं की भकाभका जाळ होतो आणि हात पुढं करेपर्यंत विझतो, म्हणून सारखं टाकत बसायचं काम माझ्याकडं. शाळा बुडायची. तरी भाजका ऊस अजून आवडतो. बायको म्हणते येडं हाय.

मोटारवाला
भाऊ, ये आमच्याकडं, ऊस उभा हाय. तोडणीला टोळी मिळंना.

कोयता
😂😂 आता तोडत न्हाई दादा, मास्तर झालो. खायला येतो.

उल्कावाला
म्हैसमाळ (वेरूळजवळचं थंड हवेचं ठिकाण), 13-14 डिसेंबरची रात्र, जेमिनिड उल्कावर्षाव. जवळजवळ 1000 मीटर उंची, बोचरी थंडी. दुर्बीण लागत नाही, पाठीवर पडून राहायचं. मध्यरात्रीनंतर मिथुन रास डोक्यावर येते तेव्हा जास्त दिसतात. बहुतेक उल्का धूमकेतूच्या धुळीतून येतात, या मात्र फेथन नावाच्या लघुग्रहाच्या. पौर्णिमा जवळ असेल तर जाऊ नका, चंद्र सगळं धुऊन टाकतो. खाण्याचं विचारलंय तर धपाटे आणि दही, थर्मासात चहा.

नांदेडचा_नाथ
माळेगावच्या जत्रेत ट्रॉलीत झोपलोय. शेजारी घोडे. झोप लागली नाही, एवढंच.

लातूरची_सून
आले. रेसिपी वेगळ्या धाग्यात टाकते, इथं मोठी होईल. बेसन ताकात कालवायचं, हे लक्षात ठेवा तोवर. आणि ज्वारीवाली, हुरड्याला दही?? आमच्याकडं लसणाची चटणी नि तेल.

ज्वारीवाली
दोन्ही. भांडण नको.

कन्नडकर
हुरडा कोणत्या ज्वारीचा, सुरतीचा की गुळभेंडीचा ते सांगा, मग भांडू.

अंबाजोगाईकर
गुळभेंडी. विषय संपला.

मोटारवाला
संपला काय, कुचकुची खाल्ली न्हाई वाटतं तुम्ही. औंदा कृषी विद्यापीठाची परभणी वसंत ज्वारी पेरलीय थोडी. संक्रांतीच्या आधी या, गोवऱ्या रचून ठेवतो. येताना कुणीतरी दही आणा, म्हैस आटलीय.