धागा: गुप्त तुकडीतली शिस्त नक्की कशाला आवर घालते?

शंकासुर
गुप्त कामात नैतिक तडजोड अटळ, पण शिस्त असली की ती ताब्यात राहते, असं नेहमी ऐकू येतं. माझं मत उलट आहे. तडजोड टिकते तीच शिस्तीवर. १९८४ मध्ये इस्रायलमध्ये तेल अवीवहून अश्केलोनला जाणारी ३०० क्रमांकाची बस चौघा पॅलेस्टिनींनी पळवली. बस सोडवायला लष्कराने घातलेल्या धाडीत दोघे मेले, दोघे जिवंत सापडले. शिन बेत या इस्रायलच्या अंतर्गत सुरक्षा यंत्रणेच्या माणसांनी त्या दोघांना नंतर ठार केलं आणि जाहीर झालं की चौघेही धाडीतच मेले. एकाला चालवत नेतानाचा फोटो नसता तर विषय तिथेच मिटला असता. पुढे चौकशी समितीत यंत्रणेने आपलाच माणूस घुसवला, साक्षी पढवल्या आणि बालंट धाडीतले लष्करी अधिकारी ब्रिगेडियर यित्झाक मोर्दखाय यांच्यावर आणलं. हे बेशिस्त माणसांना जमत नाही.

रेघोटी
ही शिस्त नव्हे, टोळीचं इमान आहे! शिस्त कामाच्या पद्धतीत दिसते. ती सुटली की नॉर्वेतलं १९७३ चं लिलहॅमर होतं. इस्रायलच्या परदेशी हेरखात्याला, मोसादला, हवा होता अली हसन सलामेह, म्युनिक ऑलिंपिक हल्ल्यामागचा म्हणून शोधला जाणारा पॅलेस्टिनी. ज्याच्यावर पाळत होती त्याच्याशी एक जण बोलताना दिसला आणि चेहरा जुळल्यासारखा वाटला, एवढ्यावर अहमद बुशिखी या वेटरला गरोदर बायकोसमोर गोळ्या घातल्या. पळतानाही तीच गत. पोलिसांनी नंबर टिपलेली भाड्याची गाडी दुसऱ्या दिवशी विमानतळावर परत करायला गेले आणि तिथेच पकडले गेले. एकूण सहा जण हाती लागले, पाच जणांना शिक्षा झाली. ओळखीची फेरतपासणी करणारा आणि मोहीम थांबवू शकणारा माणूस पथकाबाहेरचा हवा. पाळतीत दिवस घालवलेल्यांना हवा तोच चेहरा दिसू लागतो.

शंकासुर
बाहेरचा माणूस ठीक, पण आतून ओरडणाऱ्याचं काय होतं? बस प्रकरणात शिन बेतचे तीन वरिष्ठ अधिकारी थेट पंतप्रधान पेरेस यांच्याकडे गेले, प्रमुख अव्राहम शालोम यांनी पद सोडावं म्हणून. बाहेर पडावं लागलं त्या तिघांनाच. शालोम १९८६ मध्ये गेले, तेही खटल्याआधीच राष्ट्राध्यक्षांची माफी खिशात घेऊन.

जुनी खोड
दोघेही हत्येवर अडकलात. शिन बेतच्या चौकशीच्या पद्धती तपासणाऱ्या १९८७ च्या लांदाऊ आयोगाने नोंदवलंय की कबुलीजबाब कसा मिळवला याबद्दल शिन बेतचे लोक १६ वर्षं न्यायालयात खोटं सांगत होते. म्हणजे बसच्या कितीतरी आधीपासून. साक्ष पढवण्याचा हात तिथेच बसला होता. म्हणून माझ्या लेखी पहिला नियम अगदी कारकुनी आहे. मोहीम संपताच प्रत्येकाचा जबाब वेगवेगळा, आपसात बोलण्याआधी घ्यायचा. उडालेल्या गोळ्या मोजायच्या. कैदी जिवंत ताब्यात आला तर वेळ लिहायची आणि कोणी कोणाच्या हवाली केला त्याची सही घ्यायची.

रेघोटी
सही घेणारा त्याच साखळीतला असला तर? लांदाऊ आयोगानेच पुढे चौकशीत ‘मध्यम शारीरिक दबावा’ला मुभा दिली होती. ती मोडायला १९९९ मध्ये इस्रायलचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

जुनी खोड
म्हणूनच म्हणतो, त्या कागदाची एक प्रत त्याच रात्री यंत्रणेबाहेर जायला हवी.