नाव-गाव न विचारता

२०१४ सालची गोष्ट. वडील गेल्यावर चौदाव्या दिवशी मी ऑफिसला गेले. दिवसभर ठीक होते. संध्याकाळी कल्याण फास्टमध्ये बसायला जागा मिळाली आणि जागा मिळाली म्हणूनच बहुधा रडू फुटलं. उभी असते तर धक्क्याधक्क्यांत राहून गेलं असतं. लेडीज डब्यात कुणी रडत असलं की सगळ्या बघतात आणि सगळ्याच न बघितल्यासारखं करतात, तसंच झालं. समोरची बाई मेथी निवडत होती. मांडीवर पेपर, त्यावर जुडी, पायाशी पिशवी. घाटकोपर गेल्यावर तिने पेपरचं एक पान माझ्या मांडीवर अंथरलं आणि अर्धी जुडी त्यावर ठेवली. "एवढी घ्या हो. डोंबिवलीच्या आत व्हायला पाहिजे, घरी गेल्यावर कुठला वेळ."

बस. काय झालं, कोण गेलं, एक शब्द नाही. मेथीला लक्ष लागतं. पिवळं पान, मुळाची माती, मधूनच गवताची काडी. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा संपून उजेड आला तेव्हा माझे डोळे कोरडे होते आणि नखं हिरवी. डोंबिवलीला तिने पानं पिशवीत भरली, देठं पेपरात गुंडाळली आणि उतरली. नंतर कितीतरी दिवस मी त्याच डब्यात शोधलं, दिसली नाही.

तुमच्याकडेही असं काही असणार. सांगा. फार मोठं नको, पुरातून वाचवलं वगैरे. ज्याने केलं तो दुसऱ्या दिवशी विसरून गेला असेल, एवढंच. आणि 'माणुसकी अजून जिवंत आहे' हे वाक्य कृपा करून नको. तिला आपण दर आठवड्याला मारतो आणि परत जिवंत करतो.

*

माझा डबा. १९९८ ते २००१ मी पुण्यात शिकायला होतो, घर कोरेगाव तालुक्यात. आई सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे डबा द्यायची, मी स्वारगेटला घ्यायचो, आदल्या दिवशीचा रिकामा परत द्यायचो. पावती नाही, पैसे नाहीत. आमच्यासारखे सात-आठ डबे त्या गाडीत असायचे, ड्रायव्हरच्या मागे ओळीने, झाकणावर ऑइलपेंटने नावं.

एकदा परीक्षेमुळे दीड तास उशीर झाला. गाडी परत गेली असणार, आज उपास, असं धरूनच पोचलो. डबा कंट्रोलरच्या टेबलाखाली होता. बाहेरून पुसलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारलेला. खंबाटकी घाटात आमटी सांडली होती, ती कंडक्टरने पुसून घेतली होती. बरं, तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "मावशी, पातळ देत जाऊ नका, पोराला निम्मंच पोचतं." त्यानंतर तीन महिने रोज सुकी भाजी. त्या माणसाचे उपकार आहेतच, पण तेव्हा मनात शिव्याही घातल्या होत्या, हे कबूल करतो.

*

मी फूड डिलिव्हरी करतो, नागपूर. मे महिन्यात दुपारी दोनची ऑर्डर म्हणजे काय ते नागपूरवाल्यांना सांगायला नको. एका बिल्डिंगमध्ये आमच्यासाठी लिफ्ट बंद, तशी पाटीच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून दोरीला टोपली बांधून सोडतात. "वर नको येऊ रे बाबू, त्यात ठेव." टोपली खाली येते तेव्हा रिकामी नसते. मठ्ठ्याची बाटली असते. चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही, उन्हात वर बघवतच नाही.

*

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. चहा-बिस्किटं वाटणारे लोक सगळ्यांना भेटले, आम्हालाही भेटले. मला मात्र कलिन्याच्या एका तळमजल्यावरच्या बाई आठवतात. (तळमजला म्हणजे सहा पायऱ्या वर, नाहीतर त्याही पाण्यात होत्या.) मोबाइल सगळे मेलेले. त्यांचा घरचा फोन कसा कोण जाणे, चालू होता, पण नंबर लागत नव्हता. मागे रांग. त्या म्हणाल्या, "थांबू नका, अंधार पडेल. नंबर आणि निरोप वहीत लिहून जा. मी लावत बसते."

वही मुलाच्या गणिताची होती. अर्ध्या पानावर त्याची बेरीज, खाली आमचे नंबर. मी सकाळी सहाला घरी पोचलो तर बायको शांत. तिला रात्री दीडला फोन आला होता, "तुमचे मिस्टर चालत निघालेत, बरोबर आणखी तिघे आहेत, पायात बूट आहेत." बुटांचं मी वहीत लिहिलं नव्हतं. ते बाईंनी बघून ठेवलं होतं.

*

फोंड्याहून. आमच्या वाड्यावर पदेर सकाळी सायकलवर पाव घेऊन येतो. सगळ्यांसाठी दोनदा भोंपू वाजवतो, आमच्या शेजारच्या आजीसाठी पाच-सहा वेळा, कारण तिला ऐकू कमी येतं. बाकीचे वैतागतात, मीसुद्धा. मध्ये आजी न सांगता लेकीकडे बेळगावला गेली. त्या दिवशी ह्याने चार घरांत चौकशी केली. पावांची टोपली तशीच सायकलवर. तिच्या मुलाला ती गेल्याचं दोन दिवसांनी कळलं, पदेराला त्याच सकाळी.

*

मला जरा वेगळं लिहायचंय. मी इचलकरंजीत मागावर होतो. मार्च २०२० ला माग थांबले. आमची मजुरी आठवड्याची, म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासूनच ओढ. मग गल्लीत गाडी आली, धान्याचं किट. घेताना फोटो. कुणी दिलं ते लिहीत नाही, धान्य चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो फोटो फिरत फिरत पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर गेला. ती त्या किटमधल्या बिस्किटांना हात लावेना.

कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. तिथं माझी उधारी अकराशे झालेली, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. एकदा दुकानदारानं हाक मारली. खडूच्या गोलात चार गिऱ्हाईकं उभी. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो, दिवाळीला तुमचे साडेतीनशे जास्त आलेत माझ्याकडं. हिशेब जुळंना. काय पाहिजे ते घेऊन जावा आणि मला मोकळं करा."

कुठले साडेतीनशे! मी तोंड उघडणार तेवढ्यात तो तेलाची पिशवी काउंटरवर ठेवून "आणि?" म्हणाला. तेल घेतलं, डाळ घेतली, चहापूड घेतली. पोरगी बरोबर होती. तिनं बिस्किटाचा पुडा मागितला.

माग चालू झाल्यावर पैसे द्यायला गेलो. वहीत अकराशेच होते. साडेतीनशेचं विचारलं तर वही मिटून म्हणाला, "ते तुमचेच होते की."

*

इचलकरंजीवाले दादा, तुमचं वाचून माझं लिहिलेलं खोडलं. माझं फक्त एवढंच होतं की रिक्षावाल्याने पाच रुपये सोडले.

*

खोडू नका हो. पुण्यात रिक्षावाल्याने सोडले असतील तर ती बातमी आहे.

*

मीच, मेथीवाली. म्हणजे जिला मेथी दिली ती.

हे सगळं वाचून काल दादरला मुद्दाम एक जुडी घेतली आणि गाडीत चढले. समोर एक मुलगी, मान खाली, खांदे हलताहेत. झालं, म्हटलं, आता माझी पाळी. पेपर पसरला, अर्धी जुडी तिच्यापुढे केली. तिने कानातले इयरफोन काढून वर पाहिलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, फोनवर कसलातरी विनोदी कार्यक्रम चालू होता. मला काय बोलावं सुचेना. ती जुडीकडे बघत राहिली. मग फोन पर्समध्ये टाकून म्हणाली, "काकू, देठं किती ठेवायची? आमच्याकडे कोवळी घेतात."