तालुक्याला गेलं की कुठे जेवता? (अनुभव धागा)

नागपूरचं सावजी आणि नागपूरचे तर्री पोहे यांवर भरपूर लिहून झालं. हा धागा नागपूर सोडून उरलेल्या विदर्भाचा. आर्वी, पुसद, वरूड, मेहकर, मूल, तिरोडा, अहेरी, जिथे तुमचं जाणं-येणं असेल तिथलं लिहा.

आपल्याकडे खास हॉटेलात जेवायचं म्हणून घरून कोणी क्वचितच निघतं. फेरफार करायचा असतो, कोर्टाची तारीख असते, मोटारपंपाचा पार्ट आणायचा असतो, सासऱ्यांना दवाखान्यात दाखवायचं असतं. त्यात भूक लागते आणि बसस्टँडसमोरच्या टिनाच्या शेडात आपण बसतो. विदर्भातलं सर्वांत मनापासून केलेलं जेवण याच शेडांत मिळतं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची नोंद कुठेच नाही. कितीतरी ठिकाणांना पाटीही नसते. 'वडाखालचं', 'पंचायत समितीसमोरचं', एवढीच ओळख.

विनंती एकच, पदार्थासोबत वेळ लिहा. आर्वीकडचं माझं सांगतो. उजाडता उजाडता, पहिल्या एसटीच्या वेळी, पोहे वाफेवर ठेवलेले असतात आणि हरभऱ्याच्या रस्स्यावर तर्रीचा लाल थर तरंगत असतो. "तर्री मारू का भाऊ?" असं विचारून पळीने अलगद वरचीच तर्री देतात. नऊनंतर गेलात तर माणूस तोच, पातेलं तेच, पण रस्स्यात पाणी वाढलेलं. अकराच्या सुमारास मात्र त्याच भट्टीवर आलुबोंड्याचा घाणा निघतो, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. मधल्या वेळात नुसता चहा घ्यावा. रस्सा परत मागितला तर वेगळे पैसे लावत नाहीत, ही रीत आमच्याकडे अजून आहे.

आता तुम्ही लिहा.

दर्यापूर, शिक्षिका

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारं, त्यात तुरीची डाळ कितीही वेळ उकळा, दाणा तसाच राहतो, आणि चहाला चव येत नाही. त्यामुळे आमच्याकडे हॉटेल चांगलं की वाईट हे आधी पाण्यावरून ठरतं. मी जिथे जेवते त्या खानावळीच्या काकू वरणाचं आणि चहाचं पाणी वेगळं ठेवतात. नळ आला की टाकी भरून घेतात, नाही आला की जार विकत आणतात. हात धुवायला बोअरचं. जारचा खर्च ताटामागे किती पडतो हे त्यांना तोंडपाठ आहे, तरी वरणात त्यांनी कधी हात आखडला नाही. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. हिवाळ्यात तुरीचे सोले (ओले दाणे) निघाले की सोल्यांची आमटी. ती बाराच्या आधी तयार नसते आणि दीडनंतर उरत नाही.

दुसरं, एकटीने जेवायला जाणाऱ्या बायकांविषयी. बसस्टँडजवळच्या बऱ्याच हॉटेलांत बाई एकटी आली की तिला 'फॅमिली रूम' म्हणून पडद्यामागच्या कोंदट खोलीत पाठवतात. तिथे उजेड नसतो, पंखा असला तर चालत नाही, आणि ऑर्डर घ्यायला कोणी फिरकत नाही. मला समोर, रस्ता दिसेल असं बसून जेवायचं असतं. काकूंकडे ते जमतं, म्हणून रोज अप-डाउन करणाऱ्या आम्ही सगळ्या, नर्सताई, ग्रामसेविका, बँकेतल्या मॅडम, तिथेच जातो. ज्या हॉटेलात स्वच्छ संडास आहे त्याचा उल्लेख इथे जरूर करा. बायकांना त्याचा जेवणाइतकाच उपयोग आहे.

हिंगणघाट

कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, कधी रात्रभर. कास्तकार गाडी सोडून हलत नाही. दव पडून कापूस ओलावला तर भाव पडतो, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) माल घेतच नाही. ताडपत्री धरून माणूस तिथेच बसतो. मग जेवणच गाडीपाशी येतं. एक पोरगा डबा आणि पत्रावळी घेऊन रांगेतून फिरतो, पिठलं, पोळी, कांदा, वर तेल घातलेला ठेचा. घरीसुद्धा पिठलं खातो, पण पहाटे तीनच्या थंडीत कापसाच्या गाडीवर बसून खाल्लेलं ते गरम पिठलं मला फार मोलाचं वाटतं.

परतवाडा

मी आपल्या वऱ्हाडीतच लिहितो. बैतुलच्या रस्त्यानं गेलं की बहिरम लागते. वीस डिसेंबरच्या आसपास यात्रा भरते अन् जानेवारी सरेपर्यंत राह्यते. तिथं हाटेल म्हंजे राहुटी. मातीची हंडी, खाली लाकडाचा जाय (जाळ), हंडीत मटन अन् मसाला. पाणी बेतानंच. हंडी आचेवरून काढून काढून हालवत राह्यतात, म्हून बुडाले लागत नाही. घाई करनाऱ्यानं तिथं जाऊच नये. मटन शिजेपर्यंत बसा लागते, गप्पा माराव्या, यात्रेत एक चक्कर मारावी. संग रोडगे. जाड्या कनकीचे, गोवऱ्याच्या आरात भाजलेले, राख झटकून फोडाचे अन् तूप सोडाचं. ज्याले मटन चालत नाही त्यानं रोडगे अन् वांग्याची भाजी खावी, तेही काही कमी नाही. अंधार पडल्यावर थंडी लय असते, चादर संग ठेवा. लेकरं असन तं दुपारीच जा.

वरूड

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल निघाला की आमच्या गावात रात्र होतच नाही. तोडणारे, भरणारे, ट्रकवाले, बाहेरगावचे व्यापारी. मंडीजवळच्या खानावळी या दिवसांत मध्यरात्रीनंतरही उघड्या असतात. तिथे डाळभाजी घ्या. पालक, तुरीची डाळ, थोडी हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसूण आणि अख्ख्या लाल मिरचीची फोडणी. लग्नातल्या पंगतीची आपली डाळभाजी हीच, पण खानावळीत ती पातळ करतात, कारण मजूर ती भातावर घेतो. सांबार (पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, कोथिंबीर) मूठभर. हंगाम संपला की याच खानावळी रात्री आठला झोपतात.

मेहकर

वाईट वाटतं म्हणून लिहितो आहे. आमच्या मोठ्या भावाचा ढाबा जुन्या नागपूर-संभाजीनगर रस्त्यावर आहे. शेवभाजी, भरीत, ज्वारीची भाकर, रात्रभर ट्रक उभे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याची गाडी हळूहळू तिकडे गेली. ५ जून २०२५ पासून तर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. रस्ता चांगला आहे, आजारी माणसाला मोठ्या शहरात न्यायला किती सोय झाली हे आम्हीही अनुभवतो. पण या रस्त्यावरच्या अनेक ढाब्यांच्या चुली थंड झाल्या, आणि त्यांच्यासोबत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचा रोजगारही गेला.

भावाने ढाबा बंद केला नाही. आता तो आठवडी बाजाराच्या दिवशी पूर्ण स्वयंपाक करतो, इतर दिवशी दुपारपुरता. भरताची वांगी अजून तुराट्यांवर (तुरीच्या वाळल्या काड्यांवर) भाजतो. समृद्धीने जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, वेळ असेल तर मेहकरला खाली उतरा. लोणार इथून जवळ आहे. सरोवर पाहून होतं आणि जेवणही चांगलं होतं.

शेगाव

कचोरी. मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची, चटणी लागत नाही. गाडी स्टेशनात थांबते तेवढ्यात घ्यायची असेल तर खिडकीतून गरम आहे का ते हाताने पाहून घ्या. वेळ असेल तर गावात घाण्यासमोर उभं राहून खा, कचोरीतली बडीशेप तिथेच नीट कळते.

वर्धा

जेवणाचं नाही, पण वर्ध्याला उतरलात तर गोरस भांडारातून गोरसपाक घरी घेऊन जा. गाईचं तूप, कणीक, साखर. प्रवासात दिवसेंदिवस टिकतो.

उमरेड

धाग्यात सावजी नको म्हटलंय, तरी दोन ओळी. आता प्रत्येक हायवेवर 'सावजी' पाटी दिसते. हे जेवण हलबा कोष्टी घरांतलं, हातमागावर बसणाऱ्या माणसांचं. मसाला भाजून पाट्यावर वाटायचा, जवसाचं तेल वापरायचं. पाकिटातला मसाला आणि वर लाल रंग टाकलेला रस्सा जिभेवर लगेच जळतो आणि तिथेच संपतो. खऱ्या रस्स्याचा तिखटपणा दोन घासांनंतर चढतो आणि मग कपाळावर घाम येतो. उमरेड, पवनीकडे घरच्याच लोकांनी चालवलेली छोटी ठिकाणं आहेत, दोन बाकं आणि आत चूल. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) मागा. तिथे रात्री आठच्या आधी जा, कारण पाटोड्या मोजक्याच थापतात.

वडसा

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू होते आणि नाटकांचा हंगाम लागतो. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. त्या रात्रीपुरतं मांडवाबाहेर एक छोटं गावच उभं राहतं. चहाच्या टपऱ्या, मिरची भजे, आलुबोंडे, जिलेबी, मुरमुरे. आमच्यासाठी बाहेर खाणं म्हणजे हेच. मी लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून नाटकं पाहिली, आणि मधल्या अंकानंतर ती भज्यांचा पुडा घेऊन यायची. गावात पाहुणे आलेले असतात, घरोघरी मटण-कोंबडीचा बेत असतो, तरी मंडपाबाहेर गर्दी हटत नाही. नाटकातली मंडळीसुद्धा तोंडाला रंग असताना तिथेच चहा प्यायला येतात. लेकरं त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहत राहतात. खलनायकाने एका पोराला आपल्या पुड्यातलं भजं दिलं आणि पोरगं ते न खाता धरून बसलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या अंकाच्या आधी भजे खाऊ नका, तेव्हा तेल नीट तापलेलं नसतं. दुसऱ्या अंकानंतर जा.

सिरोंचा, आरोग्य सेवेत

नागपूरहून इथे बदली होऊन आलो तेव्हा सकाळी पोहे शोधत फिरलो. इथे सकाळ इडली, वडा आणि पुरीची असते, सोबत शेंगदाण्याची चटणी. हॉटेलवाला माझ्याशी मराठीत, बायकोशी तेलुगूत आणि ट्रकवाल्याशी हिंदीत बोलतो, तेही एकाच वेळी. नदीपलीकडे तेलंगणा आहे. दुपारी भात, पप्पू (इकडचं वरण), आंब्याचं तिखट लोणचं आणि नदीचा मासा. पोळी सांगावी लागते आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून मी भातच खाऊ लागलो आणि आता तोच आवडतो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता अडतो, गावात भाजी येत नाही. तेव्हा ताटात फक्त पप्पू, भात आणि लोणचं असतं, आणि हॉटेलवाला त्याचे पैसे कमी घेतो. न सांगता घेतो. म्हणून त्याच्याविषयी इथे लिहावंसं वाटलं.

दिग्रस

शिवभोजनाचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते. २६ जानेवारी २०२० पासून राज्य सरकारची ही योजना आहे, थाळी १० रुपयांना. दोन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी तिच्यासोबत होते आणि दुपारचं जेवण तिथेच घेत होते. भाजी साधी असायची, बहुतेक आलू किंवा कोबी, पण पोळी गरम आणि वरण पातळ असलं तरी फोडणीचं. शेजारी मजूर, कोर्टात आलेली म्हातारी माणसं, दवाखान्यातले नातेवाईक, कॉलेजची पोरं. कोणाला संकोच वाटू नये अशा रीतीने केंद्र चालवणाऱ्या ताई वाढायच्या. ताट हातात देताना "बसून घ्या" म्हणायच्या, आणि जागा नसेल तर आतली खुर्ची बाहेर आणून द्यायच्या.

थाळ्यांची संख्या ठरलेली असते आणि संपल्या की संपल्या. लांबून येणाऱ्यांनी एकच्या आत पोचावं. मोबाइलवर फोटो काढून नोंद करतात, त्याला घाबरू नका, तो योजनेचा भाग आहे. रात्रीचं तिथे मिळत नाही. त्यासाठी दवाखान्याच्या फाटकासमोर एक काकाजी खिचडीची गाडी लावतात, सातनंतर. पेशंटसाठी मागितली तर बिनतिखटाची वेगळ्या भांड्यातून देतात.